स्टँडवरची गाडी

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. लोकांना वाटतं, डिलिव्हरीवाला दिवसभर गाडी पळवतो. साफ चूक! डिलिव्हरीवाला अर्धा दिवस थांबलेला असतो. हॉटेलात भाजी तयार होईपर्यंत थांबतो, गिऱ्हाईक आंघोळ आटपून दार उघडेपर्यंत थांबतो, आणि उरलेला वेळ फोनकडे बघत पुढची ऑर्डर पडायची वाट पाहतो. थांबलेला माणूस बोलणार नाही तर काय करणार?

आमची थांबायची जागा म्हणजे नागपुरातल्या सदर भागातला एक कडुनिंब. समोर फोटो स्टुडिओ होता, तो बंद पडला आणि त्याच्या पायऱ्या आमच्या कामी आल्या. चारी बाजूंना हॉटेलं, त्यामुळे ऑर्डर पडली तर इथेच पडणार. पक्के मेंबर चार. मी पंकज, आधी वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल चढवायचो, आता पाठीवर बॅग चढवतो. दुसरा इरफान, त्याला गप्प बसायला सांगितलं की ताप येतो. तिसरी शीतल. नवऱ्याची बंद पडलेली मोपेड दुरुस्त करून तिनं धंद्याला लावली. हॉटेलवाले तिला पार्सल सगळ्यांच्या आधी देतात, कारण ती भांडते.

चौथे वसंताभाऊ. वय पन्नाशीच्या पुढे. गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात, पांढऱ्या गादीवर बसून त्यांनी उमर काढली. शेठनं दुकान विकलं आणि भाऊ घरी बसले. मंदावहिनी ब्लाऊज शिवून घर चालवायच्या, आणि भाऊ शेजारी बसून मशीनचा आवाज ऐकायचे. ते बसणं त्यांना इतकं लागलं, की आमची बॅग खांद्यावर घेतली त्या दिवशी त्यांनी वहिनींना शब्द दिला, आता मी तुला बसलेला दिसणार नाही.

आता बोला! असा शब्द देऊन माणूस आला कुठे, तर डिलिव्हरीत.

*

वहिनींचा फोन रोज दुपारी यायचा, जेवण झालं का विचारायला. भाऊ तेव्हा हमखास पायरीवर बसलेले असायचे. पहिल्यांदा फोन वाजला तेव्हा त्यांची अशी तारांबळ उडाली की विचारू नका. धडपडत उठले, डबल स्टँडवर लावलेली गाडी सुरू केली, हँडल पिळलं आणि मग फोन उचलला. "हो, ऑर्डरवर आहो. मंग बोलतो." फोन ठेवला, गाडी बंद केली आणि परत पायरीवर येऊन बसले. आमच्याकडे मात्र बघेनात.

आम्ही काय समजायचं ते समजलो. दुसऱ्या दिवशी फोन वाजला, तर भाऊ उठायच्या आत इरफाननं त्यांच्या गाडीची किल्ली फिरवली होती. पुढे त्यात सुधारणा होत गेल्या. इरफान हँडल पिळायचा, शीतल हॉर्न द्यायची, आणि मी जरा लांब जाऊन ओरडायचो, "ओ भाऊ, साइड द्या!" हळूहळू ती कट्ट्याची रीतच पडली. कुणाच्याही घरून फोन आला, की शेजारच्यानं गाडी सुरू करायची. विचारायचं नाही, हसायचं नाही.

वहिनी पलीकडून दरवेळी एकच वाक्य बोलायच्या, "बरं, हळू चालवा जी."

स्टँडवर उभी असलेली गाडी याहून हळू कशी चालवायची, हा प्रश्न इरफानला बरेच दिवस पडला होता.

*

शीतलचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण ती मला सोडणार नाही.

मनीषनगरकडे एका नव्या टॉवरमध्ये तिची ऑर्डर होती, सगळ्यात वरच्या मजल्यावर. लिफ्टच्या दारावर पितळी पाटी: डिलिव्हरीवाल्यांनी जिना वापरावा. मे महिन्याची दुपार, पाठीवर बिर्याणी. शीतलनं खालूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. बाई म्हणाल्या, वर आणून द्या. शीतल म्हणाली, "ताई, लिफ्ट फक्त तुमच्यासाठी आहे असं इथं लिहून आहे. मंग तुम्हीच वापरा ना ती."

बाई तणतणत खाली आल्या. शीतलनं पाटीकडे बोट दाखवलं. बाईंनी ती पाटी बहुतेक आयुष्यात पहिल्यांदा वाचली. खाली सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव होतं, आणि सेक्रेटरी म्हणजे बाईंचेच यजमान! बाई बिर्याणी घेऊन ज्या चेहऱ्यानं वर गेल्या, त्यावरून त्या दिवशी यजमानांना बिर्याणी मिळाली नसावी असा शीतलचा अंदाज आहे.

पुढच्या खेपेला शीतल गेली, तेव्हा पाटीच्या जागी फक्त स्क्रूची भोकं होती. ती लिफ्टनं वर गेली, पार्सल दिलं, खाली आली, आणि काही काम नसताना आणखी एकदा वर जाऊन आली.

*

पुढचा किस्सा घडला तेव्हा कोणी हसत नव्हतं.

एका सकाळी भाऊ झाडाखाली गाडीला टेकून ऑर्डरची वाट पाहत उभे होते. एक छोटा मालट्रक मागे येता येता सरळ त्यांच्या गाडीवर आला. गाडी आडवी, भाऊंचा पाय खाली. हाड मोडल्याचं आम्हाला तिथेच कळलं. इरफाननं त्यांना रिक्षात घातलं आणि मी मागून वहिनींना आणायला गेलो.

दवाखान्यात मी भाऊंच्या फोनवर ॲपमधलं मदतीचं बटण दाबलं आणि लिहिलं की अपघात झाला आहे, पाय मोडला आहे. उत्तर लगेच आलं: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. तुटलेल्या वस्तूचा फोटो पाठवा.'

इरफाननं एक्स-रेचा फोटो पाठवला.

मग खऱ्या माणसाचा फोन आला. आमच्या अपघात विम्याची जाहिरात आम्ही बॅगेवरच मिरवायचो, त्यामुळे आम्ही निवांत होतो. तो माणूस गोड आवाजात म्हणाला की अपघाताच्या वेळी तुमच्याकडे ऑर्डर नव्हती, म्हणजे तुम्ही कामावर नव्हता, म्हणून विमा लागू होत नाही. भाऊंनी पलंगावर पडल्या पडल्या ते ऐकलं. मग मला म्हणाले, "कामावर नव्हतो, तं मी तिथं कायले उभा होतो गा?"

मला त्या दिवशी जितका राग आला तितका आजवर कधी आला नव्हता. वहिनी शेजारी उभ्या होत्या, त्यांनी फक्त चादर सारखी केली. दवाखान्याचं बिल त्यांच्या शिलाई मशीननं आणि आमच्या वर्गणीनं मिळून भरलं.

कट्ट्यावर त्याच आठवड्यात ठरलं. आपल्याला बक्षीस नको आणि दयाही नको. लॉगिन केलं तिथपासून लॉगआउट करेपर्यंत माणूस कामावर धरायचा. ऑर्डर पडो न पडो, तेवढ्या तासांची किमान कमाई पक्की पाहिजे, आणि तेवढा वेळ विमाही चालू पाहिजे. थोडक्यात, थांबणं हेही काम आहे एवढं कंपनीनं कबूल करावं. शहरभरच्या कट्ट्यांवर निरोप गेला आणि सगळीकडून एकच उत्तर आलं, "कबूल."

*

कंपनीचं नागपूरचं ऑफिस सदरमध्येच आहे, काचेचं. तिथले सिटी मॅनेजर पुण्याहून आलेले. वय कमी, इस्त्री कडक, वागणं सभ्य. आम्ही त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. आम्ही चौघं गेलो तेव्हा भाऊंचा पाय बरा झाला होता, चाल मात्र थोडी लंगडी राहिली होती.

साहेबांनी पाणी मागवलं आणि सांगितलं, "हे बघा, तुम्ही आमचे कामगार नाही. तुम्ही आमचे पार्टनर आहात."

इरफान ताबडतोब उठला, टेबलावरचा एसीचा रिमोट उचलला आणि थंडी वाढवली. साहेब बघतच राहिले. इरफान म्हणाला, "पार्टनर आहो ना जी. आपलंच ऑफिस आहे."

साहेब हसले, पण रिमोट त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. मग समजावून सांगू लागले, की किमान कमाईची हमी दिली तर लोक नुसते बसून राहतील. "तुम्हीच सांगा, नुसतं बसायचे पैसे जगात कोणी देतं का?"

इतका वेळ गप्प असलेले भाऊ म्हणाले, "गांधीबागेत देत होते."

साहेबांना कळेना. भाऊंनी शांतपणे सांगितलं, की दुपारी बाजारात कुत्रंही फिरकायचं नाही, तरी आम्ही गादीवर बसून राहायचो. शेठनं त्या वेळचा पगार कधी कापला नाही. कारण गिऱ्हाईक आलं आणि गादीवर माणूस नसला, तर त्याला दुकान म्हणत नाहीत. साहेबांनी वरच्यांना कळवतो म्हणून सांगितलं. वरच्यांकडून काही आलं नाही, आणि ऊन तेवढं वाढत गेलं.

*

आता नागपूरचं ऊन. त्याचं वर्णन मी करत नाही, नागपूरच्या माणसाला त्याची गरज नाही आणि बाहेरच्याला ते खोटं वाटतं. त्या उन्हात, ऐन जेवणाच्या गर्दीच्या वेळी, कंपनीकडून आम्हाला रोज एक मेसेज यायचा, लाल बदामाचं चित्र लावून: 'प्रिय पार्टनर, ऊन वाढले आहे! सावलीत थांबा, भरपूर पाणी प्या, स्वतःची काळजी घ्या.' आणि त्याच मिनिटाला ऑर्डर पडायची, वर पोचवायच्या वेळेचं घड्याळ उलटं धावत!

एका दुपारी शीतल तो मेसेज वाचता वाचता थांबली. मग म्हणाली, "कंपनी इतक्या प्रेमानं सांगून राहिली, अन् आपण ऐकतच नाही. हे काही बरं नाही."

कट्ट्याकट्ट्यावर पुन्हा निरोप गेला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला आणि आम्ही त्याचं पालन केलं. अख्ख्या नागपुरात! जो जिथे होता तिथल्या सावलीत थांबला. कोणी पुलाखाली, कोणी देवळाच्या ओट्यावर, वाडीकडची पोरं गोदामांच्या शेडमध्ये. कोणी लॉगआउट केलं नाही, कोणी घोषणा दिली नाही. पार्सल पोचवल्याचा पुरावा म्हणून दारात ठेवलेल्या पार्सलचा फोटो काढून पाठवायचा, ही आमची रोजची सवय. त्याच सवयीनं प्रत्येकानं पाण्याच्या बाटलीचा सावलीतला फोटो काढला आणि कंपनीला पाठवला: 'सूचना पूर्ण केली.'

हॉटेलांच्या काउंटरवर पार्सलांचे ढीग लागले. सावजी हॉटेलचा मालक आधी तावातावानं बाहेर आला. त्याला मेसेज दाखवला, तर आत जाऊन स्वतः माठाचं पाणी घेऊन आला. काही गिऱ्हाइकं आपलं जेवण न्यायला स्वतः आली, आणि उन्हातून तेवढं येऊनच अशी वाफाळली, की आमच्याबरोबर सावलीत टेकली. त्यांतल्या एका आजोबांनी विचारलं, तुम्ही हे रोज करता? इरफान म्हणाला, नाही, ऑर्डर असून बसलो ते आज पहिल्यांदाच.

थोड्या वेळानं साहेबांची गाडी आली. साहेब उतरले आणि उन्हातच उभे राहिले. शीतलनं पायरीवर सरकून जागा केली.

"सावलीत या साहेब. मेसेज तुमाले बी आला असन."

साहेब बसले. घाम पुसून त्यांनी विचारलं, "हे असं किती वेळ चालणार आहे?"

"ऊन उतरेपर्यंत जी," शीतल म्हणाली. "नागपुरात जूनमधे उतरते."

*

याच बैठकीतला एक उपकिस्सा आहे.

साहेब पायरीवर बसलेले, हातात आमची बाटली, आणि त्यांचा फोन वाजला. वरच्या साहेबांचा. त्यांनी घाईघाईनं फोन उचलला, "हो सर, मी फील्डवरच आहे." एवढं ऐकलं मात्र, इरफानचा हात आपोआप किल्लीवर गेला. गाडी सुरू! शीतलनं हॉर्न दिला. मीही ओरडलो, "ओ भाऊ, साइड द्या!" कोणाच्या ध्यानीमनी काही नव्हतं, रीत ती रीत.

साहेबांनी दचकून एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा भाऊंकडे. फोनवर पलीकडे गाडीचा आवाज पोचला असावा, कारण साहेब म्हणाले, "हो सर, ट्रॅफिकमध्येच आहे." मग त्यांना विचारलं गेलं, की शहरात संप चालू आहे का. साहेबांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "नाही सर. ते आपलीच सूचना पाळतायत."

फोन ठेवल्यावर त्यांनी ही गाडीची काय भानगड आहे ते विचारलं. आम्ही सांगितलं. भाऊ मान खाली घालून बसले होते. एसी गाडीचा ड्रायव्हर हॉर्न देऊन थकला, तरी साहेब उठले नाहीत. त्या दिवशी मला तो माणूस पहिल्यांदा आवडला.

*

आम्ही सूचना पाळत राहिलो. रोज मेसेज, रोज सावली, रोज फोटो. मेसेज बंद करावा तर पेपरवाले विचारणार, की पार्टनरची काळजी संपली का? कंपनीची अशी पंचाईत झालेली मी आधी पाहिली नव्हती. साहेब वरच्यांशी काय भांडले ते त्यांनाच ठाऊक, पण शेवटी कळवण्यात आलं: लॉगिनपासून लॉगआउटपर्यंत दर तासाची किमान कमाई पक्की, ऑर्डर असो वा नसो. विमाही तेवढा सगळा वेळ. आणि वसंताभाऊंचं प्रकरण पुन्हा उघडून मंजूर!

कट्ट्यावर त्या दिवशी शीतल नाचली. मी नाव सांगितलं म्हणून ती मला मारणार आहे, पण नाचली. सावजीवाल्यानं रस्सा पाठवला, तो इतका तिखट होता की कोण आनंदानं रडतंय आणि कोण रश्श्यानं, ते कळत नव्हतं.

इरफाननं दुसऱ्याच दिवशी नवा घोटाळा केला. हमी मिळाल्यावर जिवावर उदार होऊन पळवायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून तो लाल सिग्नलला थांबला. पट्ट्याच्या मागे, पाय टेकून, निवांत. चौकातला हवालदार लांबून बघत होता. तो शिट्टी वाजवत आला आणि त्यानं गाडीचे कागद मागितले.

इरफान म्हणाला, "साहेब, मी तं थांबून आहो. काहून पकडून राहिले?"

हवालदार म्हणाला, "म्हणूनच. डिलिव्हरीची बॅग अन् सिग्नलवर थांबला. गाडी चोरीची आहे का बे?"

*

आणि हा किस्सा नवीन नियम लागू झाला त्या पहिल्या दुपारचा.

ऑर्डर नव्हती. आम्ही चौघंही पायऱ्यांवर. भाऊंच्या फोनवर ड्युटी चालू असल्याची हिरवी पट्टी दिसत होती, आणि ते मधूनमधून ती बघत होते. एका हातात चहाचा ग्लास. तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

भाऊंनी ग्लास सोडला नाही, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फोन स्पीकरवर टाकला. आणि इतक्या दिवसांच्या सवयीनं इरफाननं झडप घालून गाडी सुरू केली, शीतलचा हात हॉर्नवर गेला, मी ओरडायला तोंड उघडलं.

भाऊ उठले. लंगडत गाडीपाशी गेले आणि त्यांनी किल्ली फिरवून गाडी बंद केली. मग परत येऊन पायरीवर बसले, अगदी ऐसपैस, गादीवर बसतात तसे.

"काय करून राहिले जी?" वहिनींनी विचारलं.

"बसून आहो," भाऊ म्हणाले.

"ऑर्डर नाही?"

"नाही. ड्युटीवर बसून आहो. आता बसायचे बी पैसे भेटते."

पलीकडे शिलाई मशीन चालू होती, ती थांबली. मग वहिनी म्हणाल्या, "तरीच म्हटलं. रोज स्टँडवरच्या गाडीचा आवाज येते, आज सुरू होऊन लगेच बंद कशी झाली?"